नव्वदला थरथर, एकशे दहाला शांत

मागच्या आषाढात मेहुण्याची गाडी अंबडजवळच्या शेतात घातली आणि रुतवली. वाफसा नसताना घातली, तो दोष माझाच. चौघांनी ढकलून बाहेर काढली, वरवर धुतली. दुसऱ्या दिवशी जालन्याहून समृद्धीवर चढलो आणि काटा ऐंशी ओलांडतो न ओलांडतो तोच स्टेअरिंग थरथरायला लागलं. नव्वदला तर मनगटावरचं घड्याळ खुळखुळत होतं. एकशे दहाला सगळं शांत! मेहुणा म्हणाला, "दाजी, गाडी अमावस्येला घेतली तवाच आई नको म्हणत होती." संध्याकाळी बंपरला लिंबू-मिरची लटकली. वर्षभर मुकाट राहून नेमकी ताशी नव्वदला जागी होणारी ही अमावस्या वेगाच्या गणितात भलतीच पक्की असली पाहिजे.

आपल्याकडे स्टेअरिंगची कुठलीही तक्रार असो, पहिला सल्ला अलाइनमेंटचा. तीही केली, फरक शून्य. कसा पडणार? अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन. ते बिघडले तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एकाच कडेने झिजतो. पण कोन काही सेकंदाला तेरा वेळा बदलत नाही.

तेरा का, ते सांगतो. चाकाचा परीघ साधारण 1.9 मीटर. ताशी 90 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 25 मीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे 13 फेरे. रिमला आतून 60 ग्रॅमचं ढेकूळ चिकटलंय असं धरा, केंद्रापासून 16 सेंटिमीटरवर. गोफणीतल्या दगडासारखं ते चाकाला बाहेर ओढतं आणि ही ओढ वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. पंचेचाळीसला साधारण पावणेदोन किलो वजनाइतकी, नव्वदला जवळपास सात किलो! एवढे हिसके सेकंदाला तेरा.

मग एकशे दहाला तर आणखी वाढायला हवेत ना? ओढ वाढतेच, पण चाक तिला दाद देत नाही. नागपंचमीच्या झोक्याला योग्य वेळी हलका धक्का दिला तर तो आभाळाला भिडतो; भराभर धक्के मारत सुटलात तर जागीच चुळबुळतो. चाकही दोन स्प्रिंगांच्या मध्ये अडकलेलं असतं: वर सस्पेन्शन, खाली हवेने फुगलेला टायर. त्याचा स्वतःचा झोका सेकंदाला दहा ते पंधराच्या आसपास असतो. तेराचे धक्के त्याच्या तालात बसले की अनुनाद होतो. एकशे दहाला धक्के सोळावर जातात, ताल चुकतो.

आता जरा किचकट. ढेकूळ चाकाच्या मधोमध नसतं, रिमच्या आतल्या कडेला असतं. ते वर-खाली असताना चाक उडी मारू पाहतं. पुढे आलं की ओढ पुढे, मागे गेलं की मागे. ही ओढ चाक ज्या उभ्या अक्षावर वळतं त्याच्या बाजूला पडते, म्हणून चाक एकदा इकडे एकदा तिकडे वळू बघतं आणि टाय रॉडमधून, म्हणजे चाकाला स्टेअरिंगशी जोडणाऱ्या दांड्यातून, ते थेट तुमच्या हातात येतं. म्हणून बॅलन्सिंगचं, म्हणजे रिमला छोटी वजनं ठोकून चाकाचा तोल साधायचं, मशीन दोन्ही कडांचा हिशेब वेगवेगळा देतं. आतल्या चुकीला बाहेरच्या कडेवर वजन ठोकून उडी थांबते, इकडे-तिकडे वळणं राहतं.

बॅलन्सिंगही करून झालं होतं म्हणा. टायरवाल्याने वर नायट्रोजनही भरून दिला, "व्हायब्रेशन जातं" म्हणत. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजन असतोच. उरलेला भरून चाक गोल फिरायला लागत नाही. थरथर दोन दिवस गेली, तिसऱ्या दिवशी परत आली. ब्रेक मारताना वाढत नव्हती, म्हणजे ब्रेकची डिस्क नाही. उभ्या गाडीत रेस करून येत नव्हती, म्हणजे इंजिन नाही. चाकच.

आणि गोम होती आपल्या काळ्या मातीत. ही माती बेसॉल्ट झिजून बनलेली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज असतं, पानांची चळत असावी तसं, एकेक पान सुमारे एक नॅनोमीटर जाडीचं. पाणी या पानांच्या मध्ये शिरतं, माती फुगते आणि डिंकासारखी चिकटते. वाळताना पाणी निघून जातं, पानं जवळ येतात, माती आकसून तडकते. उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पाडणारी हीच क्रिया रिमच्या आत झाली. टायरवाल्याने चिखल न काढता चाक मशीनवर चढवलं आणि चिखलासकट बॅलन्स केलं. मशीनने शून्य दाखवलं, ते खरंच होतं. मग चिखल वाळला, तडकला, एक तुकडा गळून पडला. आता त्याच्यासाठी ठोकलेलं वजनच उपरं झालं!

चाकं उतरवून स्क्रूड्रायव्हरने आतून खरवडली. डाव्या चाकातून निघालेलं ढेकूळ स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं: 72 ग्रॅम. त्यात सोयाबीनचं एक पानही होतं. जुनी वजनं काढून नव्याने बॅलन्सिंग केलं आणि समृद्धीवर नव्वदला मेहुण्याने स्टेअरिंग दोन बोटांनी धरून दाखवलं.

"दाजी, ते लिंबू काढू का?"

"राहू दे. ते फिरत नाही."