रँग्लरपासून अठरा क्रेडिटपर्यंत: आयटीतल्या ‘ऑनर्स’ची पार्श्वभूमी

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉर्म येऊन पडतो. ऑनर्स घेणार का? घेणार तर कशात: एआय-एमएल (कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मशीन लर्निंग), डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी, ब्लॉकचेन, आयओटी (इंटरनेटला जोडलेली उपकरणं)? मुदत दोन दिवसांची. पोरं सीनियरला विचारतात, सीनियर म्हणतो, ‘घेऊन टाक, रेझ्युमेवर बरं दिसतं.’ घरी वडील विचारतात, ‘ऑनर्स म्हणजे डिस्टिंक्शनच ना?’

पोरं हसतात, कारण आता ऑनर्स म्हणजे पदवीच्या वर घेतलेले जादा विषय. पण वडिलांच्या प्रश्नात तथ्य आहे. दीडशे-दोनशे वर्षं या शब्दाचा अर्थ जवळपास तोच होता.

ऑक्सफर्डनं १८०० साली परीक्षेचे नवे नियम केले. साधी पदवी हवी असेल त्यानं साधी परीक्षा द्यावी, ज्याला मान हवा त्यानं अवघड परीक्षेला बसावं. ऑनर्स म्हणजे हा मान. केंब्रिजमध्ये गणिताची ट्रायपॉस परीक्षा त्याही आधीपासून होती आणि तिच्यात पहिल्या वर्गात येणाऱ्याला रँग्लर म्हणत. हा शब्द मराठी माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, म्हणजे त्या वर्षीच्या यादीत पहिले (एका इंग्रज विद्यार्थ्याबरोबर विभागून). तिथून पुढे ‘रँग्लर’ हे आपल्याकडे डॉक्टर-वकिलासारखं नावाआधी लागायला लागलं. रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी. नारळीकरांच्या घरात तर वडील विष्णु वासुदेव आणि मुलगा जयंत असे दोघे. हा किताब एका परीक्षेतल्या ऑनर्सचा आहे, हे मात्र आपण पार विसरून गेलो.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालं, पण ऑनर्स हा शब्द महाराष्ट्रात रोजच्या बोलण्यात काही टिकला नाही. बंगाल, बिहार, दिल्लीकडे आजही ‘पोलिटिकल सायन्स ऑनर्स’ सहज म्हणतात. आपल्याकडे पुण्यात ‘इकॉनॉमिक्स स्पेशल’ आणि मुंबईत ‘मेजर’. इंजिनिअरिंगमध्ये तर त्याहून गंमत. खरगपूरच्या आयआयटीनं आणि पिलानीच्या बिट्सनं पदवीच्या नावातच ‘ऑनर्स’ घालून टाकलं. जो पास होईल तो ऑनर्स. बाकी बी.ई.वाल्यांना ‘फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन’ पुरत असे, आणि वडिलांच्या डोक्यात जे बसलंय ते हेच.

मग आयटीत हा शब्द परत आला कुठून? त्यासाठी संगणक आपल्या विद्यापीठांत कोणत्या दारानं आला ते पाहावं लागतं. तो आला जोडविषय म्हणून. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेलं यंत्र १९६० मध्ये चालू झालं आणि १९६२ मध्ये नेहरूंनी त्याचं नाव ‘टिफरॅक’ ठेवलं. १९६३ मध्ये कानपूरच्या आयआयटीत आयबीएम १६२० आला. तिथं प्रोग्रॅमिंग शिकलेली मुलं पदवीनं इलेक्ट्रिकलची, मेकॅनिकलची, गणिताची. कॉम्प्युटर सायन्सची बी.टेक. कानपूरलाच सुरू व्हायला १९७८ साल उजाडलं. तोवर पंधरा वर्षं या देशात पदवीपातळीवरचं संगणकाचं शिक्षण बहुतांशी दुसऱ्याच कुठल्या तरी पदवीच्या पोटात चाललं होतं. आजच्या भाषेत सांगायचं तर तेव्हाचे बहुतेक संगणकवाले ‘मायनर’वालेच, म्हणजे पदवी एका शाखेची आणि जोडविषय दुसरीचा.

पुढची वीस वर्षं उलटी गेली. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि ‘कॉम्प्युटर’ ही स्वतंत्र शाखा गावोगावी झाली. १९९८ मध्ये केंद्रानं माहिती तंत्रज्ञानासाठी राष्ट्रीय कृती दल नेमलं, आयटीचा गजर सुरू झाला आणि कॉम्प्युटरच्या शेजारी ‘इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी’ ही आणखी एक शाखा उभी राहिली. दोन्हींच्या विषयांच्या याद्या समोरासमोर ठेवल्या तर फरक शोधायला भिंग लागे. डेटाबेस दोन्हीकडे, नेटवर्क दोन्हीकडे, ऑपरेटिंग सिस्टिम दोन्हीकडे. प्रवेशाच्या कॅप फेऱ्यांत मात्र आयटीचा कटऑफ कॉम्प्युटरच्या पायरीभर खाली. बाजारात नवं नाव आलं की त्याची शाखा काढायची, ही सवय तिथं लागली.

शाखा काढणं तसं सोपं. अवघड होता अभ्यासक्रम. संलग्न कॉलेजांत तो विद्यापीठाचा असतो आणि तीन-चार-पाच वर्षांनी बदलतो. पुण्यात त्याला पॅटर्न म्हणतात: २००८, २०१२, २०१५, २०१९. मुंबईत स्कीम: २०१२, २०१६, २०१९. एकदा पॅटर्न लागला की त्यात बसलेली मुलं बाहेर पडेपर्यंत तोच. आज ज्यावर भाषेची सगळी मॉडेलं उभी आहेत ती ट्रान्सफॉर्मरची रचना २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, मुंबईची २०१६ची स्कीम लागू झाल्यावर वर्षभरानं. शिक्षकाला कितीही वाटलं तरी पेपर सेट होणार तो छापलेल्या सिलॅबसवरच.

या अडचणीवरची वाट आधी आयआयटींनी काढली. मुंबईच्या आयआयटीनं २००७च्या सुमारास पदवीच्या रचनेत ऑनर्स आणि मायनर आणलं: स्वतःच्याच शाखेत जादा विषय केले तर ऑनर्स, दुसऱ्या शाखेत केले तर मायनर. ऑनर्सचा अर्थ बदलला तो या ठिकाणी. परीक्षेत किती वर आलात यापेक्षा ताटात किती जास्त वाढून घेतलंत, हे मोजायला लागले. मोजमाप क्रेडिटचं. आठवड्याला एक तास लेक्चर, असं एक सेमिस्टर चाललं की एक क्रेडिट. प्रॅक्टिकलचे दोन तास म्हणजे एक.

एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेनं, जानेवारी २०१८ मध्ये आदर्श अभ्यासक्रम काढला. पदवी १६० क्रेडिटची केली आणि वर २० क्रेडिट कमावणाऱ्याला ऑनर्स किंवा मायनर मिळेल असं म्हटलं. ही २० क्रेडिट ऑनलाइन कोर्समधून मिळवायची मुभाही दिली. स्वयम पोर्टल आदल्याच वर्षी सुरू झालं होतं, तेव्हा कल्पना कागदावर झकास होती.

खरा धक्का त्याच वर्षाच्या शेवटी बसला. परिषदेनंच नेमलेल्या बी. व्ही. आर. मोहन रेड्डी यांच्या समितीनं सांगितलं की जागा भरमसाट रिकाम्या राहतायत, २०२०पासून नवी कॉलेजं देऊ नका. असलेल्या जागा नव्या तंत्रज्ञानाकडे वळवा. एआय, ब्लॉकचेन, रोबोटिक्स, क्वांटम, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी, थ्रीडी प्रिंटिंग, अशी यादीही आली. परिषदेनं २०२०-२१च्या नियमांत ही यादी ऑनर्सला जोडली: १८ ते २० जादा क्रेडिट, कॉम्प्युटरच्या मुलानं एआय केलं तर ऑनर्स, मेकॅनिकलच्या मुलानं तेच केलं तर मायनर. वर्ग तोच, फळा तोच, शेजारशेजारच्या बाकांवर बसलेल्या दोघांच्या प्रमाणपत्रावरचा शब्द वेगळा.

फॉर्मवर दिसतात ती नावं या यादीतली. कॉलेजाच्या बाजूनं पाहिलं तर यात सोय मोठी: नवी शाखा मागायची तर जागा, शिक्षक, लॅब, मंजुरी सगळं लागतं, ऑनर्सला एक वेळापत्रक पुरतं. मुंबई विद्यापीठाच्या २०१९ स्कीममध्ये ते असं बसलं. पाचव्या, सहाव्या, सातव्या आणि आठव्या सेमिस्टरला चार-चार क्रेडिटचा एकेक विषय, सातव्याला वर दोन क्रेडिटची लॅब. बेरीज १८. पुण्यानं २० धरले. मूळ पदवीला धक्का लागत नाही: ऑनर्स अर्धवट सुटलं तरी बी.ई. मिळते.

वेळापत्रकात मात्र या चार तासांना घर नसतं. सकाळी साडेआठ ते साडेचार आधीच भरलेलं. मग ते जातात साडेचारनंतर नाहीतर शनिवारी. कल्याण-डोंबिवलीकडून येणाऱ्या मुलासाठी त्याचा अर्थ संध्याकाळची गर्दीची लोकल. वेगवेगळ्या शाखांची, क्वचित वेगवेगळ्या तुकड्यांची मुलं एका वर्गात. मेकॅनिकलवाल्याला पायथन पहिल्यापासून हवं, आयटीवाला ते दुसऱ्या वर्षातच करून बसलाय. शिकवायला विभागातलेच सर, कारण वेगळी नेमणूक कोण देणार? माझं मत विचाराल तर मुलं ऑनर्स सोडतात ती विषय अवघड म्हणून कमी, पावणेसहाला पोट रिकामं असतं म्हणून जास्त.

तरीही निष्फळ म्हणवत नाही. २०१९ स्कीमची पहिली तुकडी २०२१-२२ मध्ये तिसऱ्या वर्षाला आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं तेव्हा ही मुलं सातव्या सेमिस्टरला होती. ज्यांनी एआय-एमएलचं ऑनर्स घेतलं होतं त्यांची या विषयाशी निदान वर्षभर आधी वर्गात ओळख झालेली होती. सिलॅबसच्या बाहेर ठेवलेली ही खिडकी त्या वेळी कामाला आली.

आयटीचं ऑनर्स वेगळ्याही प्रकारे उभं करता येतं. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठाच्या लिंकन इथल्या आवारात २००१ मध्ये संगणकशास्त्र आणि व्यवस्थापन यांचा जोड ऑनर्स अभ्यासक्रम सुरू झाला. नाव जे. डी. एडवर्ड्स या सॉफ्टवेअर कंपनीचं, कारण तिच्या संस्थापकांपैकी एड मॅकव्हेनी हे याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. निवडक मुलं, एकाच इमारतीत राहणं आणि शिकणं, कंपन्यांचे खरे प्रोजेक्ट वर्षभर. २००३ मध्ये कंपनी पीपलसॉफ्टनं विकत घेतली, २००५ मध्ये पीपलसॉफ्ट ओरॅकलनं. कंपनीचं नाव गेलं, अभ्यासक्रम राहिला. २००८पासून तो मायक्रोसॉफ्टमध्ये मोठ्या पदावर राहिलेल्या, मूळच्या नेब्रास्काच्याच जेफ रेक्स यांच्या नावानं चालतो. तिथं ऑनर्स म्हणजे कोणाबरोबर चार वर्षं काढलीत. आपल्याकडे तेवढा पैसा आणि तेवढी जागा कुठल्या कॉलेजाकडे आहे?

आपल्याकडे शब्द पुढे सरकला तो नव्या शैक्षणिक धोरणामुळे. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, डिसेंबर २०२२ मध्ये आराखडा दिला: तीन वर्षं, १२० क्रेडिट, साधी पदवी, चार वर्षं, १६० क्रेडिट, ऑनर्स. पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के असतील तर चौथ्या वर्षी ‘ऑनर्स विथ रिसर्च’. म्हणजे या आराखड्यानं बी.एस्सी. आयटीचा मुलगा चौथं वर्ष पूर्ण करून १६० क्रेडिटला ऑनर्स होतो, आणि आदर्श अभ्यासक्रमानं बी.टेक. आयटीवाला त्याच १६०ला नुसता बी.टेक. राहतो, त्याला ऑनर्ससाठी १८०च्या घरात जावं लागतं. नोकरीच्या मुलाखतीत समोरच्या एचआरला हा हिशेब कोण समजावणार?

इंजिनिअरिंगमध्येही आता मामला बदललाय. महाराष्ट्राच्या नव्या रचनेत दुसऱ्या विद्याशाखेचं मायनर सगळ्यांनाच सक्तीचं, १४ क्रेडिटचं, आणि ते मूळ पदवीतच धरलेलं. ऑनर्स त्याच्या वर, ऐच्छिक. शिवाय २०२४-२५पासून परिषदेनं चांगल्या कॉलेजांच्या जागांवरची मर्यादाच काढली, त्यामुळे एआय आणि डेटा सायन्स या नावांच्या अख्ख्या शाखांत जास्त जागा मागायची वाट मोकळी झाली. ज्या मुलाची शाखाच ‘एआय अँड डीएस’ आहे त्यानं ऑनर्स कशात करायचं? उत्तर आहे सायबर सिक्युरिटी किंवा आयओटी. २०२४-२५ मध्ये प्रवेश घेतलेली मुलं तिसऱ्या वर्षात येतात ती २०२६-२७ला. फॉर्म तोच, चौकटी जास्त, मुदत बहुधा दोनच दिवसांची.