सुरी साकाईची, दगड क्योतोचा

जपानी सुरीचा इतिहास सांगताना बहुतेक जण सामुराईंपासून सुरुवात करतात. 1876 साली मेइजी सम्राटाच्या सरकारने तलवार बाळगायला बंदी घातली, तलवारी घडवणाऱ्या लोहारांचं काम गेलं आणि ते स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांकडे वळले, अशी ती गोष्ट. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. बंदीच्या आधी दोनेकशे वर्षं तरी जपानात उत्तम सुऱ्या घडत होत्या. शिवाय या गोष्टीत धारेच्या दगडाला जागाच नसते, आणि माझ्या मते खरी उणीव तीच. लोहाराकडून येते ती अर्धीच सुरी. उरलेली दगडावर तयार होते, वापरणाऱ्याच्या हातून, पुढची कित्येक वर्षं. गंजलेली, बोथट झालेली जुनी सुरी आजही पुन्हा कामाला लावता येते ती याचमुळे.

नारा इथल्या शोसोइन कोठारात आठव्या शतकातल्या सुऱ्या जपून ठेवल्या आहेत. त्या अरुंद, लांबट, छोट्या तलवारीसारख्या दिसतात. आज आपण जिला जपानी सुरी म्हणतो तिचा घाट फार नंतरचा, आणि त्याचा माग साकाईला जातो. साकाई म्हणजे ओसाकाला लागून असलेलं जुनं बंदर. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले, त्यांच्यामागून बंदूक आली, तंबाखू आला. साकाईच्या लोहारांनी दोन्हींचा धंदा केला. बंदुका घडवल्या आणि तंबाखूची पानं अगदी बारीक चिरणारी पातीही घडवली. या पात्यांची धार इतकी नावाजली गेली की तोकुगावा शोगुनशाहीने, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राजवटीने, त्यांच्यावर उत्तम प्रतीचा खास शिक्का उमटवायची मुभा दिली. सतराव्या शतकात याच गावातून मासे तोडायची जाड पाठीची ‘देबा’ पुढे आली. भाजीसाठी पातळ ‘उसुबा’ आणि कच्च्या माशाचे काप काढायला लांब ‘यानागिबा’ हीदेखील याच घराण्यातली. यानागिबा ओसाका-क्योतोकडची, एदोमध्ये, म्हणजे आजच्या तोक्योत, त्याच कामाला चौकोनी टोकाची ‘ताकोबिकी’ वापरत.

ही पाती घडवली कशी जातात ते पाहिलं की दगडाचं महत्त्व कळतं. मऊ लोखंडाच्या पट्टीवर कडक पोलादाचा पातळ थर भट्टीत तापवून, ठोकून जोडतात. मग पाणी देऊन पोलाद कडक करतात. सुरीला उतार एकाच बाजूने असतो. उजव्या बाजूला पात्याच्या मधोमध एक स्पष्ट रेघ दिसते, तिला ‘शिनोगी’ म्हणतात. तिथून धारेपर्यंत सपाट उतरण. डावी बाजू पूर्ण सपाट नसते. ती मधे किंचित खोलगट घासलेली असते, त्यामुळे दगडावर ठेवली की फक्त कडा टेकतात. यातली प्रत्येक गोष्ट दगड डोळ्यांपुढे ठेवून ठरवलेली आहे. रुंद उतरण दगडावर टेकवली की कोन आपोआप ठरतो, हाताने अंदाज घ्यावा लागत नाही. उतरणीचा मोठा भाग मऊ लोखंडाचा असल्याने भराभर झिजतो. सगळं पातं कडक असतं तर दगडावर दिवस गेला असता. आणि पोलादाचा थर पात्याच्या सबंध रुंदीभर पसरलेला असतो. वीस-तीस वर्षं वापरलेली यानागिबा झिजून पार अरुंद होते, पण शेवटपर्यंत तिच्या धारेला पोलादच असतं.

आता दगड. क्योतोच्या पश्चिमेच्या डोंगरांत, नारुताकी-उमेगाहाता परिसरात, जगातल्या सर्वांत बारीक पोताच्या दगडांत गणला जाणारा धारेचा दगड शेकडो वर्षं खणला गेला. वीस कोटींहून जास्त वर्षांपूर्वी, किनाऱ्यापासून दूर खोल समुद्राच्या तळाशी, वाऱ्याने वाहून आणलेली धूळ आणि सूक्ष्म जिवांचे सिलिकाचे सांगाडे थराथराने साचले, त्याचा हा दगड. लाटा किंवा नद्यांची वाळू तिथवर पोचलीच नाही, म्हणून त्यात भरड कण नाहीत. जवळच्या कामेओकाचा निळसर-करडा ‘आओतो’ मधल्या टप्प्यासाठी, आणि दक्षिणेला कुमामोतोकडून अमाकुसाचे दगड. तलवारींना शेवटचा हात देणाऱ्या कारागिरांचा मान लोहाराइतकाच असे. होनामी घराणं पिढ्यान्‌पिढ्या तलवारी घासायचं आणि पारखायचं काम करी. थोर सुलेखनकार आणि कलावंत होनामी कोएत्सु (1558–1637) याच घराण्यातला. तलवारीसाठी जमलेलं दगडाचं हे ज्ञान पुढे सुरीच्या कामी आलं. मला तलवार आणि सुरी यांच्यातला सगळ्यात पक्का धागा हाच वाटतो.

मेइजी काळात स्वयंपाकघर बदललं. 1872 साली सम्राटाने गोमांस खाल्ल्याची बातमी जाहीर झाली, मांसाहारावरचा जुना निषेध सैलावला, आणि युरोपीय सुरीवरून ‘ग्युतो’ तयार झाली: दोन्ही बाजूंनी उतार, टोकदार, पातळ. घरोघरी दिसणारी, सगळ्या कामांना चालणारी ‘सांतोकु’ त्याहून अलीकडची, दुसऱ्या महायुद्धानंतर रुळलेली. पोलादही बदललं. लोहवाळूपासून ‘तातारा’ भट्टीत काढलेलं पोलाद इंग्लंडहून येणाऱ्या पोलादापुढे महाग पडू लागलं, आणि 1920 च्या दशकात त्या भट्ट्या धंदा म्हणून बंद झाल्या. मग शिमाने प्रांतातल्या यासुगी गावच्या कारखान्यातलं पोलाद आलं. ‘पांढरा कागद’ आणि ‘निळा कागद’ ही त्याची नावं गुंडाळायच्या कागदाच्या रंगावरून पडली. पांढऱ्यात लोखंड आणि कर्ब, बाकी जवळजवळ काही नाही. निळ्यात क्रोमियम आणि टंगस्टन घातलेलं, म्हणून धार जास्त टिकते. दोन्ही गंजतात. दोन्ही दगडावर उत्तम धार घेतात.

घरातला दगड मागे पडला तो स्टेनलेसमुळे. न गंजणारी सुरी पुसून ठेवावी लागत नाही, आणि बोथट झाली की खाचेतून ओढायचं साधन पुरतं, असा समज झाला. क्योतोच्या खाणी एकामागून एक बंद झाल्या. आज खणणारे मोजकेच. त्यांची जागा कारखान्यात बनवलेल्या दगडांनी घेतली, आणि याबद्दल मला वाईट वाटत नाही. ‘किंग’चा तांबूस 1000 नंबरचा दगड (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक) किंवा ‘शाप्टन’चा सिरॅमिक दगड सगळीकडे सारख्या पोताचा असतो, स्वस्त पडतो, आणि नवख्याला खाणीतल्या दगडापेक्षा लवकर शिकवतो.

जुनी सुरी हातात आली की तिच्यावर काय गुजरलं ते दिसतं. शिनोगीपासून धारेपर्यंतची उतरण अरुंद आणि धारेशी गोलसर झालेली असेल तर कुणीतरी पातं उचलून फक्त धारेच्या कडेशी घासत राहिलेलं असतं. धार येते, पण मागचं अंग जाड राहतं आणि काप चिकटतात. अशी सुरी 220 च्या आसपासच्या भरड दगडावर सबंध उतरण टेकवून घासायची, ती धारेपर्यंत पुन्हा सपाट होईपर्यंत. दगडावर करडा-काळा चिखल जमतो. तो धुऊन टाकायचा नाही, घासायचं काम तोही करतो. दगड मधे खोल गेला की आधी दगड सपाट करायचा, नाहीतर उतरण गोल होते. मग 1000, मग 3000 किंवा 6000. पलीकडच्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागली की घासणं धारेच्या कडेपर्यंत पोचलं. ती खरखर काढण्यापुरती डावी बाजू बारीक दगडावर सपाट ठेवून हलकेच ओढायची. ही बाजू भरड दगडावर कधीच न्यायची नाही. तिथली खोलगट जागा एकदा संपली की घरी परत आणता येत नाही. टाचेजवळ छिन्नीने कोरलेली लोहाराची अक्षरं असतात, गंज काढताना ती सांभाळायची.

जपानात राहून आलेल्या आपल्याकडच्या घरांतही अशा सुऱ्या सापडतात. त्या सायकलवर चाक फिरवणाऱ्या धारवाल्याकडे देऊ नयेत. विळीच्या पात्याला ते चाक चालतं. या पोलादाला मात्र पाणी दिल्यावर जेमतेम 150 ते 200 अंशांवर शेकलेलं असतं, आणि कोरड्या चाकावर धारेची कड क्षणात त्याच्या वर तापते. कड निळी पडली की तिथला कडकपणा गेला. एवढा भाग घासून काढून टाकण्यावाचून उपाय नाही.

साकाईत आजही घडवणारा, धार लावणारा आणि मूठ बसवणारा हे वेगवेगळे कारागीर असतात. सरकारने फुकुई प्रांतातल्या एचिझेनच्या घडीव पात्यांना 1979 मध्ये आणि साकाईच्या पात्यांना 1982 मध्ये पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. धार लावणाऱ्यांचं बहुतेक काम आता पाण्यात भिजत्या मोठ्या चाकांवर आणि कारखान्याच्या दगडांवर होतं. पण मऊ लोखंड धुक्यासारखं मंद आणि पोलाद त्याच्या शेजारी उजळ दिसावं म्हणून शेवटचा हात देताना अनेक जण खाणीतल्या दगडाची पूडच पाण्यात कालवून पात्यावर चोळतात.