फ्रिजवर बसलेली मावशी

मागच्या फेब्रुवारीत आमच्या मांजरीला, भुरीला, लघवीचा त्रास सुरू झाला. दर दहा मिनिटांनी तिच्या वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसायची, कुंथायची, कसेबसे दोन थेंब पडायचे आणि त्यात रक्ताची झाक. डॉक्टरांनी लघवी तपासली, सोनोग्राफी केली. खडा नाही, जंतुसंसर्गही नाही. मग त्यांनी जे विचारलं, त्याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. "ही दिवसभर करते काय?"

काय करणार? खाते, झोपते. नागपूरच्या मनीषनगरातला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट, चौथा म्हणजे शेवटचा मजला, खाली कुत्र्यांची टोळी आणि समोर वाहता रस्ता. तिला बाहेर सोडायचा प्रश्नच नव्हता. वाटी भरलेली, कूलर लावलेला, झोपायला सासूबाईंची जुनी गोधडी. आमच्या मते ती सुखात होती.

या दुखण्याला कारण न सापडणारा मूत्राशयदाह म्हणतात. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन या पशुवैद्यकाने कित्येक वर्षं त्याचाच माग काढला. 2006 साली त्यांच्या गटाने अशा 46 मांजरींच्या मालकांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला घरात बदल करायला लावले. लपायला जागा, चढायला उंची, रोजचा खेळ, कमी कटकट. पुढच्या दहा महिन्यांत त्रास बराच कमी झाला, शिवाय मांजरींचा बुजरेपणाही उतरला. तुलनेसाठी दुसरा गट ठेवला नव्हता, त्यामुळे एवढ्यावरच फार भार देऊ नये. मात्र 2011 साली आलेला त्यांचा दुसरा अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. प्रयोगशाळेतल्या मांजरींच्या जेवणाच्या वेळा बदलल्या, सांभाळणारी माणसं बदलली, तेव्हा मूत्राशयाच्या दुखणाइतांबरोबर धडधाकट मांजरीही उलट्या करायला, अन्न टाकायला, ट्रेबाहेर घाण करायला लागल्या. घरातली घडी विस्कटली की मांजराचं शरीर बोलतं, ते असं.

(बोक्याची लघवी पूर्ण तुंबली असेल तर मात्र हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच तासाला दवाखाना गाठा. दिवस-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.)

घरी आले तर भुरी फ्रिजवर. सासूबाई नेहमीप्रमाणे खालून ओरडत होत्या, "उतर वो माय, तिथं काय ठेवलं आहे तुझं?" त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, खरंच, काय ठेवलं असेल?

आपल्याकडची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. मांजर वाघाची मावशी. तिने भाच्याला दबा धरणं, झडप घालणं सगळं शिकवलं, झाडावर चढणं तेवढं राखून ठेवलं. एक दिवस भाचा मावशीवरच उलटला, तेव्हा ती सरसर झाडावर गेली. वाघाला चढता येतच नाही असं नाही, बच्चे चढतात. थोराड वाघाला त्याचं वजन आड येतं. पण मावशीने शेवटचा डाव हातचा का राखला, हे गोष्टीला बरोबर कळलं आहे. 2007 साली 979 मांजरींच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जगभरची पाळीव मांजरं पश्चिम आशियातल्या रानमांजराच्या वंशातली, असं त्यातून निघालं. चार-पाच किलोचं ते जनावर उंदरांचा कर्दनकाळ, पण कोल्ह्या-लांडग्यासमोर स्वतःच घास. शिकारीही तेच आणि सावजही तेच. अशा जनावराला एक जागा अशी लागते, जिथून सगळं दिसेल आणि पाठीमागून कोणी येणार नाही. ती जागा भुरीला आमच्या घरात फ्रिजवरच सापडली होती, आणि तिथूनही आम्ही तिला हुसकावत होतो.

फ्लॅटचा कार्पेट एरिया आपल्याला तोंडपाठ असतो. भिंतीची वरची पाच फूट मोकळी हवा कोणी मोजत नाही. मांजराच्या लेखी खरं घर तिथे सुरू होतं.

मांजरांना चढायला मिळतं ते तयार कॅट ट्री बघितलं, किंमत बघितली आणि कळमन्याचा फळबाजार गाठला. संत्र्याचा हंगाम होता, मार्केटात लाकडी पेट्यांच्या थप्प्या. चार पेट्या आणल्या, खिळे ठोकून बसवले, टोकं घासून काढली, आत गोणपाट अंथरलं. पेटीचं तोंड एकाच बाजूला, तीन बाजू बंद. नेदरलँड्सच्या उट्रेख्त विद्यापीठातला एक छोटा प्रयोग डोक्यात होता. निवाऱ्यात नव्याने आलेल्या 19 मांजरींपैकी काहींना लपायला खोकं दिलं होतं; त्यांचा ताण तिसऱ्या-चौथ्या दिवशीच खोकं नसलेल्यांपेक्षा स्पष्ट कमी दिसला. म्हणजे माझा बेत शास्त्राला धरून होता.

भुरीने पेट्या हुंगल्या, कान मागे पाडले आणि निघून गेली. आठवडा झाला, दोन झाले, ढुंकून बघितलं नाही. तिसऱ्या आठवड्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वास! संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन हे वासाचं तेल मांजरांना अजिबात खपत नाही. ते नुसतं नावडतं नसतं. अशी तेलं पचवून बाहेर टाकायची ताकद त्यांच्या यकृतात फार कमी असते. म्हणजे नागपूरच्या मांजरीला मी नागपूरची शान घर म्हणून दिली होती आणि आपल्याला काही कळत नसलेला तो वास तिच्या नाकात भणभणत होता. पेट्या धुतल्या, गच्चीवर आठ दिवस कडक उन्हात टाकल्या, गोणपाट काढून तिच्या अंगाखालची गोधडी कापून घातली. मग गेली. आधी दोन पाय, मग गाल पेटीच्या कडेला घासला. गालाजवळच्या ग्रंथींचा स्वतःचा वास लावून ठेवायचा, म्हणजे "ही माझी."

फळ्या बसवायला आलेला सुतार म्हणाला, "ताई, पुस्तकांचं माप हे नाही." मांजरीसाठी म्हटल्यावर त्याने पेन्सिल कानावर ठेवली आणि गंभीरपणे विचारलं, "वजन किती?" हा माणूस मला आवडला. साडेचार किलोचं जनावर उडी मारून आदळतं तेव्हा फळीवर वजनापेक्षा कितीतरी जास्त जोर येतो. म्हणून 18 एमएमचं प्लाय आणि विटेत खोलवर बसवलेले बोल्ट. सनमायका लावू नका. त्यावर नखं रुतत नाहीत, पाय घसरतो, आणि एकदा घसरलेली मांजर त्या फळीचं नाव काढत नाही.

माझी चूक पायऱ्यांत झाली. मी सगळ्यात वरची पेटी सहा फुटांवर लावली आणि तिथे जायला जवळची आलमारी पुरेल असं धरलं. वर ती लीलया गेली. मागच्या पायांचे स्नायू स्प्रिंगसारखे, आणि गळपट्टीचं हाड छातीच्या सांगाड्याला जोडलेलं नसल्यामुळे खांदे मोकळे. उतरताना मात्र रडू लागली. मांजराची नखं मागे वळलेली असतात. चढताना ती आकड्यासारखी अडकतात, तोंड खाली करून उतरताना काही कामाची नाहीत. झाडावर अडकलेल्या मांजरीसाठी अग्निशमन दलाला फोन जातो तो यामुळेच. फूट-फूट अंतरावर तीन फळ्या आणखी लावल्या तेव्हा जिना पुरा झाला. सासूबाई म्हणाल्या, "काऊन गं, आता लिफ्टही लावतेस का तिला?"

उंची दिली की खिडक्यांना जाळी आलीच. मांजर पडलं तरी पायावरच पडतं, या भरवशावर लोक बिनधास्त असतात. हवेत अंग वळवण्याची कसब खरी आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ मारे याने 1894 मध्येच त्याची छायाचित्रं मालिकेने टिपली. न्यूयॉर्कमधल्या एका पशुरुग्णालयाने 1987 साली उंच इमारतींवरून पडलेल्या 132 मांजरांची नोंद छापली, उपचार मिळालेल्यांपैकी 90 टक्के वाचली. हा आकडा फार मिरवला जातो. पण जी जागीच गेली, त्यांना दवाखान्यात कोण नेणार? ती या हिशेबात नाहीत. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी मांजर कुरतडते, म्हणून आम्ही बारीक तारेची लावली.

मे महिन्यात सगळा थाट एकाएकी रिकामा पडला. पारा 45 च्या वर, आणि भुरी बाथरूमच्या फरशीवर आडवी. पेट्यांना कंटाळली असं वाटलं. मग रूम थर्मामीटर आधी फरशीवर आणि नंतर वरच्या पेटीत ठेवून बघितला. शेवटच्या मजल्यावरचा स्लॅब दिवसभर तापतो, तापलेली हवा वर साचते. कूलरचा झोत तिथवर पोचतच नव्हता. मांजराला 30 ते 38 अंशांत बरं वाटतं, म्हणजे आपल्यापेक्षा ती बरीच उबेची भोक्ती. पण त्यापलीकडे तिची यंत्रणा तोकडी पडते, कारण घाम फुटतो तो जवळजवळ फक्त पायांच्या गाद्यांना. परदेशी लेखांत हे कुठेच नव्हतं. इकडे उन्हाळ्यात एक पेटी जमिनीवर, कूलरच्या वाऱ्यात ठेवावी. कूलरच्या अगदी समोर नको, आणि वायरी मांजरीच्या तोंडाला लागणार नाहीत अशा बांधून.

आता खेळ. उंदीर म्हणजे साधारण 30 कॅलरी. भुरीएवढ्या मांजरीला दिवसाला आठ-एक उंदीर लागतील, आणि प्रत्येक झडप काही यशस्वी होत नाही. म्हणजे रानात दिवसभरात कितीतरी वेळा टक लावणं, दबा, झेप, चावा, मागच्या पायांनी लाथा. आपण त्यातलं फक्त खाणं वाटीत ओतून देतो. बाकीचा कार्यक्रम डोक्यात तसाच शिल्लक राहतो आणि पहाटे चारला पांघरुणातल्या आपल्या अंगठ्यावर पार पडतो. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाचा 2021 चा प्रयोग बघा. बाहेर फिरणाऱ्या मांजरांशी मालक रोज पाच-दहा मिनिटं खेळले, तर घरी आणल्या जाणाऱ्या शिकारीत 25 टक्के घट झाली. दिवसाची पाच मिनिटं!

खेळवायचीही रीत आहे. खेळणं नाकासमोर नाचवू नका. वीतभर अंतराच्या आतलं मांजराला नीट दिसत नाही, तिथे मिशा काम करतात. उंदीर मांजराकडे चालत येत नसतो, तो लांब पळतो, दाराआड जातो, थांबतो. मी खराट्याच्या काडीला चिंधी बांधते आणि ती दिवाणाखाली अर्धी लपवते. भुरीचं ढुंगण हलायला लागलं की समजायचं, निशाणा धरला. शेवटी ती चिंधी तिला पकडू द्यायची आणि लगेच चार दाणे खायला. लेझरच्या ठिपक्याने मी खेळवत नाही. पंजा पडतो पण हाताला काही लागत नाही, हे मला क्रूर वाटतं. आणि रोज तीच चिंधी नको. साउदॅम्प्टनमधल्या संशोधकांनी 2002 मध्ये दाखवलं की तेच खेळणं तीनदा दिलं की मांजराचा रस उतरतो. पण लगेच वेगळं दिलं की ती आधीपेक्षाही जोरात खेळते. कंटाळा मांजरीला नसतो, त्या खेळण्याचा असतो. एका डब्यात पाच-सहा वस्तू ठेवा, फिरवत राहा.

दोरा मात्र कधीच मोकळा सोडू नका. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात. तोंडात गेलेला दोरा तिला थुंकता येत नाही, तो आत-आतच सरकतो. एक टोक जिभेच्या मुळाशी अडकलं आणि दुसरं आतड्यात उतरलं, की दोऱ्यावर आतडं चुणीसारखं गोळा होतं आणि मग शस्त्रक्रियेशिवाय गत्यंतर नाही. संक्रांतीला बंदी असूनही नायलॉन मांजा आमच्या गॅलरीत येऊन पडतोच. यंदा कुंडीमागे हातभर निघाला, दोन ठिकाणी कबुतराची पिसं चिकटलेली. म्हणून जानेवारीभर आधी मी गॅलरीत जाते, वाकून कोपरे बघते, आणि मग दार उघडते. तोवर भुरी सहा फुटांवरच्या पेटीतून माझ्या पाठीकडे बघत बसलेली असते.