पार्श्वभूमी: कुकरवरचं ‘पॉरिज’ बटण आलं कुठून

मल्टीकुकर म्हणजे एकाच भांड्यात वेगवेगळे पदार्थ शिजवणारा विजेवरचा कुकर. त्याच्या पॅनेलवर ‘पॉरिज’ असं एक बटण असतं. ते दाबून एकाला पातळ पेज मिळते, दुसऱ्याला चमचा उभा राहील असा लगदा, आणि तिसऱ्याचा ओटा दुधाच्या फेसाने भरतो. तिघांनी बटण मात्र तेच दाबलेलं असतं. आपल्याला हवी तशी लापशी या यंत्रातून का येत नाही, याचं उत्तर बऱ्याच अंशी त्या बटणाच्या जन्मकथेत आहे.

फार मागे जायची गरज नाही. दक्षिण इटलीतल्या एका गुहेत सुमारे ३२ हजार वर्षांपूर्वीचा वाटण्याचा दगड सापडला. त्यावर ओटच्या स्टार्चचे कण होते, आणि दळण्याआधी ते धान्य तापवलं होतं अशा खुणाही. एवढं पुरे. चुलीजवळ उभं न राहता लापशी शिजावी ही इच्छाही विजेपेक्षा जुनी आहे. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात नॉर्वेहून आलेली एक पेटी मांडली होती. भांड्याला उकळी आणायची, पेटीत बंद करायचं आणि विसरून जायचं. उरलेलं काम आतल्या उष्णतेने करायचं. याच तत्त्वावर गवत भरलेल्या खोक्यात भांडं ठेवून रात्रभर ओट शिजवण्याची पद्धत पुढे बरीच चालली. या पेटीत एक गुण होता, जो नंतरच्या यंत्रांनी हरवला: तिला पदार्थ कधी झाला हे कळायचंच नाही, त्यामुळे ते ठरवणं माणसाकडेच राहायचं.

खरा पेच १९५५ पासून सुरू होतो. त्या वर्षी डिसेंबरमध्ये एका जपानी कंपनीने स्वयंचलित राइस कुकर बाजारात आणला. त्यामागे एका छोट्या कारखानदाराच्या कुटुंबाची मेहनत होती. त्याच्या पत्नीने पुन्हा पुन्हा भात लावून तापमानाच्या नोंदी ठेवल्या होत्या. युक्ती साधी होती. भांडी दोन, एकात एक. बाहेरच्या भांड्यात मोजून पाणी घालायचं. ते आटायला सुमारे २० मिनिटं लागायची, आणि तेवढ्यात आतला भात व्हायचा. पाणी असेपर्यंत तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. ते संपलं की तापमान एकदम चढतं, द्विधातूची (दोन धातू जोडून केलेली) पट्टी वाकते आणि खटका पडतो. पुढच्या एकाच भांड्याच्या कुकरांत पट्टीची जागा तळाशी बसवलेल्या एका खास चुंबकाने घेतली. सुमारे १०३ अंशांना त्याचं चुंबकत्व जातं आणि बटण टक् करून वर येतं. आजही साध्या राइस कुकरमध्ये हेच असतं.

म्हणजे या यंत्राच्या लेखी ‘शिजलं’ याचा अर्थ ‘पाणी संपलं’. भाताला हे चोख लागू पडतं. लापशीला नाही, कारण लापशी म्हणजे मुळातच पाणी शिल्लक असलेली अवस्था. साध्या कुकरमध्ये एक वाटी तांदळाला आठ वाट्या पाणी घालून बघा. खटका पडणारच नाही. कुकर पूर्ण ताकदीने उकळत राहील, स्टार्चने दाट झालेलं पाणी बुडबुडे धरून ठेवील, आधी झाकण थरथरेल, मग वाफेच्या भोकातून पांढरा फेस येईल आणि बाहेरून ओघळून खाली चिकट पापुद्रा जमेल. यात बिघाड काही नाही. शिकवलं तेच यंत्र करत असतं.

स्लो कुकरने हा प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवला होता. त्याच्या मूळ अमेरिकी पेटंटचा अर्ज १९३६ चा, मंजुरी १९४० ची. घरोघरी तो पोचला १९७१ नंतर, नाव आणि रूप बदलून. भांड्याभोवती गुंडाळलेली मंद उष्णता, खटका नाही, घाई नाही. अख्ख्या किंवा कापलेल्या ओटसाठी तो उत्तम. चपट्या ओटचं मात्र रात्रभरात खळ होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत वाफवून लाटलेले ओट आले, १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला झटपट शिजणारे पातळ ओट आले, १९६६ मध्ये नुसतं गरम पाणी ओतायचे आले. धान्य कारखान्यातच अर्धं शिजून येऊ लागलं आणि यंत्रं मात्र कच्च्या धान्याच्या हिशेबाने चालत राहिली. ही तफावत अजून मिटलेली नाही.

१९७९ मध्ये मायक्रोकंप्युटरचा कुकर आला, १९८८ मध्ये इंडक्शनचा. आता हीटर थांबत-थांबत चालवता येऊ लागला. उकळी आली की ताकद कमी करायची, फेस बसू द्यायचा, पुन्हा थोडी वाढवायची. पेजेचा वेगळा प्रोग्रॅम यामुळे शक्य झाला, आणि भांड्याच्या आत भाताच्या रेषांशेजारी पेजेच्या रेषा आल्या. त्या रेषा नीट पाहिल्या तर गंमत कळते. साडेपाच कप तांदूळ मावणाऱ्या भांड्यात पेजेची रेषा साधारण एक-दीड कपाच्या वर जात नाही. फेसाला जागा हवी, म्हणून वरचं निम्मं भांडं रिकामं ठेवलेलं असतं.

इथून ‘पॉरिज’ हा शब्द गुंतायला लागला.

जपानी पेजेत तांदूळ मऊ होतो, पण दाणा ओळखू येतो. तिथे घट्टपणाला मोजमाप आहे: पूर्ण पेजेला तांदळाच्या पाचपट पाणी, पुढच्या पायरीला सातपट, त्याहून पातळ हवी तर दहापट. चिनी पेजेत दाणा फुटून पाण्यात मिळून गेलेला असावा लागतो; त्यासाठी तासभर तरी हलती उकळी हवी. रशियन ‘काशा’त दुधातली लापशी येते आणि दाणा न् दाणा सुटा राहिलेला कोरडा बकव्हीटही (कुट्टू) येतो, शिजलेलं कुठलंही धान्य तिथे काशाच. ब्रिटनमध्ये पॉरिज म्हटलं की ओट, दुसरं काही डोळ्यांसमोर येतच नाही. निर्यातीच्या कुकरवर या चौघांचंही भाषांतर एकच झालं. मराठीत पेज म्हटलं की पातळ आणि लापशी म्हटलं की दाट, एवढं तरी शब्दावरून कळतं. बटणावरून तेवढंही कळत नाही.

परिणाम उघड आहे. चिनी पेजेसाठी आखलेल्या तासाभराच्या प्रोग्रॅममध्ये चपटे ओट टाकले की पहिल्या दहा मिनिटांत ते शिजतात. उरलेला वेळ त्यांच्यातला बीटा-ग्लुकन हा तंतूमय घटक पाण्यात उतरत राहतो आणि तार धरणारा बुळबुळीत लगदा तयार होतो. उलट, दुधाच्या काशाचा प्रोग्रॅम उकळीच्या खाली राहतो. त्यात तांदळाची पेज केली तर दाणे तळाशी आणि पाणी वर. बहुतेक माहितीपुस्तिकांत बटणाखाली एक वेळ छापलेली असते. ती कुठल्या धान्याची, हे क्वचितच लिहिलेलं असतं. भाषांतर करणाऱ्याला मी दोष देणार नाही, त्याच्याकडे शब्दच एक होता. पण बटणाखाली आणखी एक ओळ छापायला जागा नव्हती, हे मला पटत नाही.

या गोंधळातून वाट निघाली ती रशियात. २००० च्या दशकाच्या अखेरीस तिथे मल्टीकुकरची लाट आली आणि सकाळची दुधातली काशा हा तिचा मुख्य विषय झाला. काही मॉडेलांत तापमान आणि वेळ वेगवेगळे ठरवायची सोय दिली गेली: साधारण ४० अंशांपासून १६० अंशांपर्यंत, ५-५ अंशांच्या टप्प्यांनी. वरवर किरकोळ सोय वाटते. खरं तर ‘पाणी संपलं म्हणजे झालं’ हा १९५५ चा नियम इथे मोडला गेला. ९० ते ९५ अंशांवर दूध उतू जात नाही आणि धान्याचा स्टार्च त्याच्या बराच खाली फुगतो, त्यामुळे लापशी उकळल्याशिवायच शिजते. तिथल्या घरगुती युक्तीप्रमाणे भांड्याच्या आतून, दुधाच्या पातळीच्या थोडं वर, लोण्याचा पट्टा ओढतात; फेस तिथवर येऊन बसतो.

ही मोकळीक द्यावी का, यावर दोन मतं होती आणि आहेत. तयार प्रोग्रॅमच्या बाजूचे म्हणतात, बटण दाबून निघून जाता यावं म्हणून तर यंत्र घ्यायचं. अंश आणि मिनिटं जुळवायची असतील तर गॅस काय वाईट? मुद्दा अगदीच चुकीचा नाही. ९५ हा आकडा लापशीचा नसतो, तो तळाला टेकलेल्या सेन्सरचा असतो. सेन्सर आणि भांडं यांच्यामध्ये तांदळाचा एक दाणा अडकला तरी तो फसतो. पण ज्याला दाट हवी त्याला दाट आणि ज्याला दाणेदार हवी त्याला दाणेदार, हे एका बटणाने कधीच होणार नव्हतं.

त्याच काळात इलेक्ट्रिक प्रेशर कुकरही मल्टीकुकर म्हणून विकले जाऊ लागले. त्यांचं पेटंट चीनमधलं, १९९१ चं. उत्तर अमेरिकेत ते गाजले २०१० नंतर. त्यांच्या पुस्तिकांत ओट, जव आणि सोललेले वाटाणे यांबद्दल वेगळी ताकीद असते: फेस वाफेचा मार्ग बुजवू शकतो, म्हणून भांडं निम्म्याच्या वर भरू नका. त्याच पॅनेलवर पॉरिजचं बटणही असतं.

उशिरा सुरू होण्याच्या टायमरवरही असाच वाद आहे. रात्री दूध-धान्य घालून ठेवायचं, सकाळी सहाला गरम लापशी. जाहिरातीत छान दिसतं. पण ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात, आणि बंद कुकरमधलं दूध रात्रभर त्याच पट्ट्यात असतं. काही जंतूंचं विष नंतरच्या शिजवण्यानेही नष्ट होत नाही. म्हणून पुस्तिका नाशवंत पदार्थांना टायमर लावू नका म्हणतात. लोक त्यावर गोठवलेलं दूध घालण्याचा तोडगा काढतात. तो कितपत पुरेल हे खोलीच्या तापमानावर अवलंबून. पाण्यात शिजवून दूध सकाळी घालणं सरळ पडतं. त्यातही एक बाब: रात्रभर भिजलेलं धान्य लवकर शिजतं, म्हणून तीच वेळ लावली तर लापशी नेहमीपेक्षा मऊ होते.

शेवटचा घोळ कपाचा. कुकरसोबत येणारा प्लास्टिकचा कप १८० मिलिलिटरचा असतो. ते तांदूळ मोजण्याचं जुनं जपानी माप. पाककृतींतला कप २४० किंवा २५० मिलिलिटरचा. धान्य आणि पाणी दोन्ही एकाच कपाने मोजलं तर काहीच बिघडत नाही. धान्य मोठ्या कपाने घेऊन पाणी मात्र भांड्यातल्या रेषेपर्यंत भरलं, की पाचपटीचं पाणी चौपटीच्याही खाली येतं. मग लापशी घट्ट झाली म्हणून बटणाला बोल लावला जातो, आणि या एका बाबतीत तरी बटणाचा काही दोष नसतो.