मक्तेदारी आजारावर की वापरावर? अमेरिकेच्या ‘ऑर्फन ड्रग’ कायद्याची पार्श्वभूमी

दुर्मीळ आजाराचे रुग्ण थोडे, त्यामुळे औषधाचा खप थोडा आणि म्हणून ते बनवायला कोणी तयार नाही. म्हणून त्याला ‘ऑर्फन’ म्हणजे अनाथ औषध म्हणतात. १९८३ पूर्वीच्या दहा वर्षांत अमेरिकेत अशी जेमतेम दहा औषधे बाजारात आली. रुग्णांच्या कुटुंबांनी हा प्रश्न लावून धरला, अमेरिकी संसदेचे सदस्य हेन्री वॅक्समन यांनी विधेयक पुढे रेटले आणि ४ जानेवारी १९८३ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांची सही झाली. कंपनीला मानवी चाचण्यांच्या निम्म्या खर्चाइतकी करसवलत मिळाली. शिवाय मंजुरीनंतर सात वर्षे त्याच आजारासाठी तेच औषध विकायला दुसऱ्या कंपनीला परवानगी नसे.

हा सौदा मला आजही न्याय्य वाटतो. पण सुरुवातीला ‘विक्रीतून खर्च निघणार नाही’ हे दाखवावे लागे. १९८४ मध्ये दोन लाखांहून कमी रुग्ण असले की पुरे, असे ठरले. पुढच्याच वर्षी पेटंट असलेल्या औषधांनाही ही सात वर्षांची मक्तेदारी मिळू लागली. नफा किती होतो, हे विचारणेच थांबले. मग शरीराच्या वाढीचे संप्रेरक आणि रक्तातल्या लाल पेशी वाढवणारे एरिथ्रोपोएटिन या औषधांनी अफाट कमाई केली. रुग्णसंख्या वाढल्यास मक्तेदारी संपवणारी दुरुस्ती १९९० मध्ये अमेरिकी संसदेने मंजूर केली, पण राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुश यांनी तिच्यावर सही केली नाही. युरोपच्या २००० सालच्या नियमात मात्र दहा वर्षांची मुदत भरपूर नफा दिसल्यास सहावर आणण्याची सोय आहे.

अमेरिकी कायद्याची खरी कसोटी लॅम्बर्ट-ईटन या स्नायू दुबळे करणाऱ्या आजारात लागली. न्यू जर्सीतली जेकबस ही छोटी कंपनी त्यावरचे औषध रुग्णांना वर्षानुवर्षे फुकट देत होती. २०१८ मध्ये कॅटलिस्ट कंपनीच्या जवळपास तशाच औषधाला प्रौढांसाठी मंजुरी आणि मक्तेदारी मिळाली. वर्षाची किंमत सुमारे पावणेचार लाख डॉलर. २०१९ मध्ये औषधांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने जेकबसला ६ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी मंजुरी दिली. कॅटलिस्ट कोर्टात गेली. मक्तेदारी मंजूर वापरापुरती, म्हणजे इथे प्रौढांपुरती, नसून अख्ख्या आजारावर आहे, असा निकाल अपील न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये दिला. तेव्हा कॅटलिस्टला मुलांसाठी मंजुरीच नव्हती. ती आणखी वर्षभराने मिळाली.

जानेवारी २०२३ मध्ये एफडीएने जाहीर केले की हा निकाल त्या खटल्यापुरताच मानू, इतरत्र मक्तेदारी मंजूर वापरापुरतीच राहील. पण कायद्यात तेव्हा शब्द ‘आजार’ असाच असल्याने प्रत्येक नव्या मंजुरीवर खटल्याची टांगती तलवार राहिली. म्हणूनच त्याच वर्षी सिनेटर बाल्डविन आणि कॅसिडी यांनी कायद्यातच ‘मंजूर वापर’ असे लिहिणारे विधेयक मांडले.