करवतयंत्रामुळे होणाऱ्या हाताच्या इजा

विजेवर चालणाऱ्या गोल किंवा पट्टा करवतीच्या पात्याला हात लागून होणाऱ्या खोल जखमा, हाडांचे अस्थिभंग आणि बोटे किंवा पंजा तुटणे यांचा या इजांमध्ये समावेश होतो. मुंबईत अशी यंत्रे रे रोड-दारूखाना परिसरातील लाकडाच्या वखारींत, जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारामागील गाळ्यांत आणि शहरभर चालणाऱ्या फ्लॅटच्या सुतारकामात वापरली जातात.

अपघात झाला की ‘लक्ष नव्हतं’ असे म्हटले जाते. हे कारण फार तोकडे आहे. १० इंची पाते मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्याची कड सेकंदाला सुमारे ४० मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटरहून अधिक वेगाने धावते. त्याला ६० दात असले तर एका सेकंदात ३,००० दात एका जागेवरून जातात. स्पर्श जाणवून हात मागे घ्यायला माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्यात ६०० दात जाऊन चुकलेले असतात. कितीही सावध कारागीर या वेगापुढे हात वाचवू शकत नाही. पाते झाकलेले असणे हाच खरा बचाव.

गोल करवतीचा सर्वांत फसवा धोका म्हणजे उलटा झटका. चिरलेल्या फळीचे दोन भाग पात्यामागे पुन्हा मिटू लागले की पाते चिमटीत सापडते. मागच्या बाजूचे दात खालून वर येत असल्यामुळे ते फळी उचलून कारागिराच्या अंगावर फेकतात. फळीवर जोर देणाऱ्या हाताखालचा आधार एकदम जातो आणि तो हात पात्यावर पडतो. ओल्या, गाठाळ किंवा पीळ पडलेल्या लाकडात हे अधिक घडते. पात्यामागे त्याच रेषेत पोलादी पट्टी बसवली तर चीर मिटत नाही. शेवटचा वीतभर भाग हाताने न सरकवता काठीने ढकलायचा असतो. हातमोजे मात्र येथे घातक ठरतात, कारण दातात अडकलेला मोजा हातालाही ओढून नेतो. सैल बाही आणि मनगटातला धागाही तसाच.

फ्लॅटच्या कामांत जुगाडाचे यंत्र सर्रास दिसते. फरशी कापायचा हातकटर उलटा करून प्लायवूडच्या फळीखाली स्क्रूने आवळतात आणि पाते फटीतून वर काढतात. त्यावर ना झाकण, ना मागची पट्टी. बटणही चालू ठेवून अडकवलेले. काम ठरावीक तारखेला द्यायचे असते आणि मजुरी नगावर असते, तेव्हा झाकणामुळे जाणारी मिनिटे कारागिराच्याच खिशातून जातात.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ ने धोकादायक यंत्रभागांना कुंपण घालणे बंधनकारक केले. मात्र त्यासाठी ती जागा कायद्याने ‘कारखाना’ असावी लागते. त्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागेसाठी १० कामगारांची अट होती; २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ती २० झाली. चार माणसांचा गाळा त्यात बसत नाही.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ च्या परिशिष्टात कमाईक्षमतेची हानी अशी ठरवली होती: अंगठा ३० टक्के, तर्जनी १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७ आणि पूर्ण पंजा ६०. सुताराच्या बाबतीत हा हिशेब अपुरा पडतो. प्रताप नारायण सिंग देव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पडून डावा हात गमावलेल्या सुताराची हानी शंभर टक्के मानली, कारण सुतारकाम एका हाताने होत नाही. याच कायद्यातील, आणि त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम असलेली, एक तरतूद कामगारावर उलटू शकते: सुरक्षा-झाकण त्याने जाणूनबुजून काढले असेल आणि इजेने मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले नसेल, तर मालकाची जबाबदारी टळते. झाकण कोणाच्या सांगण्यावरून निघाले, हा प्रश्न म्हणूनच कळीचा ठरतो.

उपचारांतही करवतीची जखम अवघड असते. सुरीने स्वच्छ छेद जातो; करवत मात्र पात्याच्या जाडीइतकी मांस, हाड आणि रक्तवाहिन्यांची पट्टीच उडवून टाकते, कडा फाडते आणि जखमेत भुसा भरते. तुटलेला अंगठा सूक्ष्मशस्त्रक्रियेने जोडण्यात पहिले यश १९६५ मध्ये जपानमध्ये कोमात्सु आणि तामाई यांना मिळाले. त्यानंतर बोटे जोडणे शक्य झाले. करवतीच्या जखमेत त्यासाठी अनेकदा हाड आखूड करावे लागते किंवा शिरेचा तुकडा दुसरीकडून आणून जोडावा लागतो.

तुटलेले बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बर्फ थेट बोटाला लागला तर पेशी मरतात. हाताच्या जखमेवर कापड दाबून धरून हात उंच ठेवावा. हळद किंवा चहापूड लावू नये. थंड ठेवलेले बोट साधारण २४ तासांपर्यंत जोडता येऊ शकते. मनगटापासून तुटलेल्या हातात स्नायू असल्याने ही मुदत बरीच कमी असते, त्यामुळे जवळच्या दवाखान्यात वेळ न घालवता सूक्ष्मशस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच जावे. जोडलेल्या बोटाला पुढे कित्येक महिने व्यायामोपचार लागतात. हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत १९५५ पासून अशा पुनर्वसनाचे आणि कृत्रिम अवयवांचे काम चालते.