टेंभरं खाऊन झोप येईल?

नवतपा (मे अखेरचे ऐन उन्हाचे नऊ दिवस) लागला की नागपूरकरांची झोप उडते आणि फोनवर झोपेचे उपाय येऊ लागतात. 'टेंभरं, चारं, जांभळं ही रानफळं मेलाटोनिनने ठासून भरलेली असतात. झोपताना मूठभर खा, गोळी विसरा' हा त्यातलाच एक. टेंभरं म्हणजे तेंदूची फळं, चारं म्हणजे चारोळीची, आणि मेलाटोनिन म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला कळवणारं झोपेचं संप्रेरक. वनस्पतींत मेलाटोनिन असतं हे 1995 सालीच दिसून आलं. झाड ते ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून बनवतं, पण झोपण्यासाठी नव्हे. ऊन, दुष्काळ, थंडीच्या ताणात पेशींत तयार होणारे मारक ऑक्सिजन-कण निकामी करायला ते कामी येतं. प्रश्न 'ठासून' या शब्दाचा आहे.

आंबट चेरीचा या बाबतीत बराच अभ्यास झाला आहे. तिच्या मॉन्टमॉरेन्सी वाणात दर ग्रॅमला सुमारे 13 नॅनोग्रॅम मेलाटोनिन मोजलं गेलं. म्हणजे 100 ग्रॅम चेरीत 1.3 मायक्रोग्रॅम. बाजारातली गोळी 3 मिलिग्रॅमची असते, म्हणजे 3000 मायक्रोग्रॅमची. तेवढ्यासाठी 230 किलो चेरी खावी लागेल! त्यातही पोटातून गेलेल्या मेलाटोनिनचा बराचसा भाग यकृत आधीच मोडून टाकतं; सरासरी 15 टक्क्यांच्या आसपासच रक्तात पोचतं.

मग काही फळांचे आकडे हजारपट मोठे का छापून येतात? खोट बऱ्याचदा मोजणीत असते. फळ द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून दळायचं, मंद उजेडात थंड मिथेनॉलमध्ये अर्क काढायचा, कारण प्रकाशात मेलाटोनिन मोडतं. अर्क काढताना किती वाया गेलं हे कळावं म्हणून जड हायड्रोजन असलेलं मेलाटोनिन ठरावीक मात्रेत आधीच मिसळायचं. स्वस्तातला मार्ग म्हणजे प्रतिपिंडांचं तयार किट. ते रक्तासाठी बनवलेलं असतं. फळातले फिनॉल आणि रंगद्रव्यं त्याला चकवतात आणि आकडा फुगतो. जांभळासारख्या गडद फळात हा धोका जास्तच.

भरवशाचं यंत्र म्हणजे द्रव वर्णलेखनाला जोडलेलं वस्तुमानमापक: आधी अर्कातले घटक वेगळे करायचे, मग त्यांच्या रेणूंचं वस्तुमान मोजायचं. त्यात मेलाटोनिनचा आयन (विद्युतभारित रेणू) 233 या वस्तुमानावर दिसतो आणि तोडला की 174 चा तुकडा देतो. पण नुसत्या वस्तुमानावर विसंबलं तर हेही फसतं. वाइनमध्ये 'मेलाटोनिनचा भाऊबंद' म्हणून मिरवलेला पदार्थ शेवटी ट्रिप्टोफॅन इथाइल एस्टर निघाला. दोघांचं रेणुसूत्र एकच, C13H16N2O2. ट्रिप्टोफॅन आणि अल्कोहोल एकत्र आले की हा एस्टर बनू शकतो, तेव्हा मोहाच्या दारूत 'झोपेचं संप्रेरक' सापडल्याची बातमी आली तर आधी हे तपासा. दारूने येणारी गुंगी वेगळी आणि झोप वेगळी.

चेरीच्या रसावरच्या काही छोट्या चाचण्यांत झोप थोडी सुधारली, पण रसात इतरही बरंच काही असतं. श्रेय एकट्या मेलाटोनिनला देता येत नाही. 'जंगलातलं म्हणजे औषधीच' हाही भाबडेपणा. रानातलाच धोतरा विषारी आहे.

शरीराचं स्वतःचं मेलाटोनिन वाढू द्यायचं तर झोपण्याआधी दोन तास पांढरे एलईडी बंद ठेवून मंद पिवळा दिवा लावा. डोळ्यातल्या ज्या पेशी मेंदूतल्या घड्याळाला दिवस असल्याचं कळवतात, त्या 480 नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला सर्वांत संवेदनशील असतात.

टेंभरं मात्र जरूर खा, पूर्ण पिकलेली, मऊ झालेली. कच्च्या फळातल्या टॅनिनने तोंड आवळतं. याच कुळातलं पर्सिमॉन उपाशीपोटी फार खाल्ल्याने पोटात घट्ट गोळा झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून जेवणानंतर चार-पाच पुरेत.